तेरा पाऊणे पावणेदहा

‘आज तिथी काय?’

बाईंना काहीही विचारा, त्या आधी हे विचारायच्या. रजेच्या अर्जावर सही हवी असली तरी तिथी काय, सहावीच्या पुस्तकांचे गठ्ठे कुठे ठेवायचे म्हटलं तरी तिथी काय. एकदा हेडसरांना शिंकांवर शिंका येत होत्या, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. हेडसर वैतागून म्हणाले, ‘बाई, सर्दीला तिथी लागत नाही.’ बाईंनी खिडकीतून खाडीकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, ‘आज दशमी. दुपारी पाणी नसणार, म्हणजे डॉक्टर पलीकडून यायचे नाहीत. बोलवायचे तर आत्ता बोलवा.’ हेडसरांनी नाक पुसलं आणि फोन लावला.

मी त्या शाळेत लेखनिक. शाळा मालगुंडच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. मी मात्र सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळावर वाढलेला माणूस. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि ते असतं तिथेच राहतं. दिवसातून दोनदा येणारं आणि दोनदा निघून जाणारं पाणी मला नोकरी लागल्यावर पाहायला मिळालं. शाळेतली निम्मी मुलं खाडीच्या पलीकडून होडीने यायची. भरतीला होडी थेट धक्क्याला लागायची. ओहोटीला धक्क्यापुढे नुसता चिखल उरायचा, तोही कमरेएवढा.

म्हणून बाई पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाला पाऊणकी पाठ करायला लावायच्या. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते आणि त्यानंतर सहा तासांनी पाणी पार तळाला जातं. हे गणित त्या काठावर आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं, पण ते कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका मुलाला विचारलं, ‘पाऊणकी कशाला रे शिकता या काळात?’ मुलगा म्हणाला, ‘तुमी गाडीनं आलात ना साहेब, म्हनून तुमाला नाय लागत.’ साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण तो शेरा मीच फाईलला लावला. ‘गणित चांगले’ एवढंच होतं.

पण बाईंची खरी ओळख म्हणजे शनिवारचा फळा.

शनिवारी अर्धी शाळा सुटली की बाई फाटकाजवळचा फळा तळहातानेच पुसायच्या आणि तो हात डाव्या कमरेला साडीला पुसायच्या. मग फळ्याचे दोन भाग. डावीकडे ‘झालं’ आणि उजवीकडे ‘होणार’. डावीकडे त्या आठवड्यात शाळेत घडलेलं, उजवीकडे पुढच्या आठवड्यातलं. तुम्ही म्हणाल, असा फळा शाळोशाळी असतो. असतो, पण त्यावर कुणी खरं लिहीत नाही.

बाई खरं लिहायच्या. ‘झालं : पाचवीच्या वर्गात विंचू निघाला. वर्ग अर्धा तास बाकांवर उभा होता. विंचू शांत होता.’ ‘झालं : सहावीतल्या दोन मैत्रिणींचं भांडण मिटलं. कारण विचारू नये, पुन्हा सुरू होईल.’ ‘झालं : हेडसरांची नवी चप्पल बुधवारी हरवली, गुरुवारी सापडली. नेणाऱ्याला ती मोठी होत होती.’

आणि उजवीकडे : ‘मंगळवारी दशमी, भरती साडेसातला. पलीकडच्यांनी साडेनऊच्या आत होडीत बसावं.’ ‘बुधवारी दातांचे डॉक्टर येणार. फक्त मंगळवारी दात घासून उपयोग नाही, त्यांना कळतं.’ ‘शुक्रवारी विज्ञान प्रदर्शन. ज्वालामुखी एकच पुरे. गेल्या वर्षी नऊ झाले होते.’

हेडसर दर शनिवारी दुपारी फळ्यासमोर उभे राहून कपाळाला हात लावायचे. ‘बाई, चपलेचं कशाला?’

‘झालं होतं ना?’

‘झालं होतं हो, पण...’

‘मग झालं तर.’

या फळ्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जायचा. आता गंमत बघा. आमचे निम्मे बाप मुंबईला, काही दुबईला आणि पाच-सहा जण जहाजांवर. त्यांची मुलं कशी वाढतायत हे त्यांना त्या फळ्यावरून कळायचं. म्हणून बाई एक पथ्य पाळायच्या. महिन्याभरात प्रत्येक मुलाचं काही ना काही फळ्यावर आलंच पाहिजे. कुणाचं काहीच घडलं नसेल तर त्या त्याला सरळ बोलवून सांगायच्या, ‘तुझं या महिन्यात काहीच नाही रे. कर बघू काहीतरी, पण झाडावर चढू नकोस.’

सातवीतल्या सायलीचे बाबा जहाजावर खलाशी होते. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. त्यांचं जहाज बंदराला लागून नेटवर्क आलं की चार-चार शनिवारांचे फोटो ते एकदम बघायचे आणि रात्री-अपरात्री ग्रुपवर चार-चार अंगठे उमटायचे. त्या वर्षी डिसेंबरात ते सुट्टीवर घरी आले आणि त्यांनी ग्रुपवर एक निरोप टाकला. तो मला अजून शब्दाशब्दाने आठवतो. ‘बाई, गॅदरिंगची तारीख पक्की सांगा. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मला जहाजावर हजर व्हायचं आहे, शनिवारी संध्याकाळची गाडी आहे. सायली बालवाडीत असल्यापासून दर वर्षी नाचते, बोलते, बक्षिसं घेते. मी एकदाही बघितलेलं नाही.’

बाईंनी पंचांग काढलं, हेडसरांना खुर्चीत बसवलं आणि तारीख ठरवून टाकली. जाण्याचाच शनिवार, सकाळी दहा वाजता. पाण्याचा भाग त्यांनी हिशोबात धरलेला होताच, मी तेव्हा लक्ष दिलं नाही. फळ्यावर ठळक अक्षरांत आलं, ‘होणार : स्नेहसंमेलन. नाटक : माशांची ग्रामसभा. सरपंच सुरमई : सायली.’ नाटक बाईंनीच लिहिलं होतं. बोंबलाचं काम करणाऱ्या मुलाला त्या रोज ओरडायच्या, ‘ताठ उभा राहू नकोस रे, तू बोंबील आहेस.’

आणि मग माझा प्रताप.

संमेलनाच्याच आठवड्यात बाईंना रत्नागिरीला चार दिवसांचं प्रशिक्षण लागलं. फळ्यावर काही बदलायचं झालं तर ते काम त्या माझ्यावर सोपवून गेल्या. शुक्रवारी प्रमुख पाहुण्यांचा फोन आला. हे एक निवृत्त अधिकारी होते, भाषणाचा विषय ‘वेळेचे महत्त्व’. त्यांना म्हणे सकाळी जमत नव्हतं. हेडसर माझ्या टेबलाशी आले.

‘भाऊसाहेब, दहाच्या ऐवजी दुपारी चार केले तर?’

‘चालेल की सर,’ मी म्हणालो. ‘उलट उन्हं उतरलेली असतील.’

उन्हं! सड्यावरच्या माणसाला उन्हं दिसतात. मी माझ्या तिरक्या, कारकुनी अक्षरात फळ्यावर ‘दुपारी ४’ लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या, फोटो काढला आणि पाठवला. वर चांगलं काम केल्याच्या समाधानात चहा प्यायलो.

बाई शुक्रवारी संध्याकाळी उशिरा परतल्या आणि शनिवारी सकाळी थेट नाटकाच्या तालमीला लागल्या. पलीकडची मुलं सकाळच्या भरतीला येऊन पोचली होती. फळ्याकडे किंवा मोबाईलकडे बघायला बाईंना सवड झाली नाही. हेडसरांनी ‘पाहुण्यांमुळे कार्यक्रम थोडा पुढे गेलाय’ एवढंच सांगितलं. थोडा म्हणजे किती, ते सांगायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. बाईंना अकरा वाटले असतील, फार तर साडेअकरा. पाहुणे येईनात तशा त्या सारख्या फाटकाकडे बघत होत्या, विचारलं की हेडसर ‘येतायत, येतायत’ म्हणायचे, आणि इकडे बोंबील ताठ उभा राहायचा काही थांबत नव्हता.

पलीकडे होडीवाल्या तांडेलमामांनी सगळ्यांना सांगितलं होतं, दोनच्या आत या, पुढे पाणी नाही. पण फळ्यावर चार लिहिलेलं. चारच्या कार्यक्रमाला दोनला जाऊन करायचं काय? बायकांच्या वेण्या, पोरांचे बूट, कुणाची इस्त्री राहिलेली. होडी सुटली तेव्हा अडीच वाजून गेले होते. निम्म्या खाडीपर्यंत आली, मग सावकाश आली, मग धक्क्यापासून तीस-चाळीस हातांवर चिखलात बसली ती बसलीच. आत पस्तीस माणसं, आणि पुढच्या फळीवर पांढरा शुभ्र नवा शर्ट घालून सायलीचे बाबा.

मी पाहुण्यांसाठी नारळ आणायला धक्क्याकडे गेलो होतो. बघतो तर सायलीचे बाबा होडीतून खाली पाय टाकतायत. ‘चाळीस हात तर आहेत,’ म्हणाले आणि उतरले. दुसऱ्याच पावलाला कमरेपर्यंत आत गेले. तांडेलमामांनी दोर टाकून चौघांच्या मदतीने त्यांना परत वर ओढलं. एक बूट खाडीने ठेवून घेतला. ते फळीवर बसले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची गाडी साडेआठची होती, आणि पाणी वर येऊन होडी धक्क्याला लागायला साडेपाच वाजणार होते. तोवर पाहुणे, नाटक, सगळं उरकलेलं असणार. मला वाटलं, या चिखलात मीच गेलो तर बरं.

धावत शाळेत आलो. बाई सुरमईच्या डोक्यावर चंदेरी कागदाचा मुकुट बसवत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्रयोदशी होती.

‘भाऊसाहेब, तेरा पाऊणे?’

‘पावणेदहा,’ मी म्हणालो.

‘हं,’ बाई म्हणाल्या.

एवढंच रागावल्या. मग मुलांकडे वळल्या. ‘चला रे. पेटी उचला, सतरंज्या उचला, माईक नको, तिथे वायर पोचत नाही. ग्रामसभा धक्क्यावर भरेल. मासे पाण्याकडेच बरे.’

हेडसर म्हणाले, ‘बाई, पाहुणे?’

‘पाहुण्यांनाही उचला.’

तर मंडळी, असं ते संमेलन झालं. धक्क्यावर सतरंज्या, सतरंज्यांवर बांगडे आणि कोळंब्या, एका बाजूला गावातली माणसं, आणि समोर चिखलात रुतलेल्या होडीत पस्तीस प्रेक्षक. पाहुण्यांनी सूट घातला होता. त्यांनी वेळेच्या महत्त्वावर वीस मिनिटं भाषण केलं आणि होडीतल्या कुणालाही उठून जाता आलं नाही. असे श्रोते त्यांना पुन्हा मिळाले नसतील.

मग सुरमई आली. सायली मोठ्या रुबाबात धक्क्याच्या टोकाला उभी राहिली, समोर पाहिलं, आणि तिला बाबा दिसले. कमरेपर्यंत काळे, वर पांढरे, एका पायात बूट. पोरगी पहिलंच वाक्य विसरली. पेटीवाला एकच सूर धरून बसला. बाई बाजूला उभ्या होत्या, त्यांना वाक्य माहीत होतं, ते त्यांनीच लिहिलेलं होतं. पण त्या तोंड मिटून राहिल्या. त्या होडीकडे बघत होत्या.

होडीतून आवाज आला, ‘बोल ना सायले! मंडळी, जाळं आलंय!’

सुट्टीचा सबंध महिना बापाने घरी तिची तालीम घेतली होती. सगळं नाटक त्यांना पाठ. सायलीने मान ताठ केली आणि खाडी दणाणेल असं ओरडली, ‘मंडळी, जाळं आलंय!’ त्यानंतर ती एकदाही अडखळली नाही. तिने पाहुण्यांकडे पाठ केली आणि सगळं नाटक त्या होडीला करून दाखवलं. सायलीचे बाबा प्रत्येक वाक्य तिच्याबरोबर ओठांत म्हणत होते. मी खांबाआड जाऊन डोळे पुसले. सांगायला लाज कसली?

साडेपाचला होडी तरंगली आणि धक्क्याला लागली. बाबांनी सुरमईला मुकुटासकट उचललं, तिच्या चंदेरी अंगावर चिखलाचे दोन पंजे उमटले, आणि ते कुणाच्या तरी चपला पायात घालून रिक्षाने स्टेशनला गेले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण कुणीतरी रुतलेल्या होडीचा फोटो काढला होता. तो फिरत फिरत वरच्या कार्यालयात पोचला आणि पत्र आलं. पालकांची सुरक्षितता धोक्यात घालणारी वेळ कोणी ठरवली, खुलासा करावा. आवक नोंदवहीत ते पत्र चढवताना मी तारीख दोनदा चुकवली. हेडसरांनी बीपीची गोळी घेतली.

बाई माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. ‘घ्या लिहून. महोदय, स्नेहसंमेलनाची वेळ ठरवताना तिथी पाहण्यात माझ्याकडून चूक झाली.’

माझी बोटं थांबली.

‘काय झालं? शुद्धलेखन अडलं?’

‘बाई, वेळ मी...’

‘तुमची नोकरी किती राहिली?’

‘चौदा वर्षं.’

‘माझी सव्वा. टाईप करा.’

मी टाईप केलं. खरं सांगायचं तर थोडे आढेवेढे घेतले आणि मग केलंच. पोटापुढे माणूस किती लवकर वाकतो ते मला त्या दिवशी कळलं. बाईंना लेखी ताकीद मिळाली. आदर्श शिक्षकांच्या यादीत संस्थेने त्यांचं नाव पाठवलं होतं, ते गाळलं गेलं. त्या शनिवारी फळ्यावर आलं, ‘झालं : बाईंना ताकीद मिळाली. सातवीला वाचून दाखवली. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या.’ पोरं हसली. मी कार्यालयाचं दार लोटून घेतलं.

पुढचं सव्वा वर्ष मी बाईंच्या नजरेला नजर दिली नाही. त्या मात्र नेहमीसारख्या येऊन विचारायच्या, ‘भाऊसाहेब, आज तिथी काय?’ मला आता रोजची तिथी पाठ असायची.

एप्रिलच्या शेवटी त्या निवृत्त झाल्या. हेदवीला भावाकडे राहायला जाणार होत्या. निरोप समारंभ त्यांनी स्वतःच भरतीच्या वेळेवर ठेवला, म्हणजे संपला की होडीत बसता येईल. भाषणं झाली. माझंही नाव होतं. मी चार पानी भाषण लिहून आणलं होतं, ‘शिस्त, सेवा, समर्पण’ वगैरे. उभा राहिलो, समोर बघितलं, आणि कागद घडी करून खिशात घातला.

‘संमेलनाची वेळ मी चुकवली होती,’ मी म्हणालो. ‘बाईंनी नव्हे. बाईंनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि मी घेऊ दिली. सव्वा वर्ष मी गप्प बसलो.’

मला वाटलं होतं, सभा सुन्न होईल. पण मागून तांडेलमामा म्हणाले, ‘अवो भाऊसाहेब, मंग आमाला काय म्हाइत नव्हता?’

सगळा मांडव हसला. मी खुळ्यासारखा उभा.

‘फोटो हाय ना मोबाईलात,’ मामा म्हणाले. ‘अक्षर तुमचा. तिरका. आनि बाईंची भरती चुकंल व्हय कदी?’

सायली आता आठवीत होती. ती उठून म्हणाली, ‘बाबा तेव्हा होडीतच बोलले, हे बाईंनी लिहिलेलं नाय. बाई आल्या की त्या काहीतरी करतील, बसा गप.’

म्हणजे तेव्हापासून. होडी रुतली तेव्हापासून सगळ्या गावाला माहीत होतं. जे मी चौदा कुलपांत ठेवलं असं समजत होतो, ते पालकांच्या ग्रुपवर माझ्याच हस्ताक्षरात पडून होतं. आणि इतक्या दिवसांत एकाही माणसाने मला ते बोलून दाखवलं नव्हतं. बाई ज्यावर पांघरूण घालतायत ते आपण उघडं करायचं नाही, एवढंच त्यांनी आपापसांत ठरवलेलं.

धक्क्यापर्यंत सगळे पोचवायला गेलो. पाणी काठोकाठ होतं. मी बाईंची ट्रंक होडीत ठेवली आणि वाकून नमस्कार केला. बाईंनी पाय मागे घेतले. त्या रागावल्या होत्या, खरोखरच्या.

‘कशाला बोललात?’ त्या म्हणाल्या. ‘सदतीस वर्षं नोकरी केली मी. माझ्या नावावर एकच चूक होती हो. तीही काढून घेतलीत.’

तांडेलमामांनी बांबू टेकून होडी लोटली. बाईंनी मुलांना हात केला, हेडसरांना केला, तांडेलमामांच्या कुत्र्यालासुद्धा केला. मला केला नाही. होडी पलीकडच्या वळणाला जाईपर्यंत त्या माझ्याकडे पाठ करून, ताठ बसून राहिल्या.